मुलांचा वाढदिवस: आधी काय ठरवावे, केक कधी कापावा, पाहुण्यांना कधी निरोप द्यावा

बहुतेक घरांत वाढदिवसाची तयारी केकच्या ऑर्डरपासून सुरू होते. मग फुगे येतात, मग जेवणाचा विषय निघतो, आणि किती मुले येणार, ती किती वाजता परत जाणार, त्यांच्याकडे लक्ष कोण देणार हे प्रश्न आदल्या रात्री उभे राहतात. आमच्या थोरल्याच्या चौथ्या वाढदिवसाला आम्हीही असेच केले होते. केक पाच वाजता आला, खानापूरहून निघालेल्या नातेवाइकांची वाट पाहत तो साडेसातपर्यंत टीपॉयवर बसून राहिला, आणि मेणबत्ती पेटवली तेव्हा ज्याचा वाढदिवस होता तो आजीच्या मांडीवर झोपला होता.

पुढील क्रम आपल्या बेळगाव-खानापूर भागातील तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि पंधरा ते पंचवीस मुलांचा घरगुती कार्यक्रम गृहीत धरून लिहिला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण पुढच्या टप्प्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णय मागच्या टप्प्यातील आकड्यावर किंवा वेळेवर अवलंबून असतो.

टप्पा १: मोठ्यांचा कार्यक्रम आणि मुलांचा कार्यक्रम वेगळा करावा (तीन आठवडे आधी)

सर्वांत मोठी चूक येथे होते. आजी-आजोबा, आत्या, मामा, शेजारी, कार्यालयातील सहकारी आणि शाळेतील मित्र अशा सगळ्यांना एकाच संध्याकाळी बोलावले की त्या कार्यक्रमाची वेळ मोठ्यांच्या सोयीने ठरते, जेवण मोठ्यांच्या आवडीचे होते आणि मुले मध्येच कोठेतरी धावत राहतात.

आपल्याकडे यावर उपाय तयारच आहे. औक्षण सकाळी करावे. पाट, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी एवढ्यावर ते होते. आजीला तिथीने ओवाळायचे असेल तर तेही वेगळ्या दिवशी सुखाने होऊ शकते. जवळच्या नातेवाइकांना त्याच दिवशी दुपारच्या जेवणाला बोलवावे, त्यांच्यासाठी पुरण किंवा कुंदा (आपल्याकडची दुधाची मिठाई) जे काही करायचे ते तेव्हाच करावे. संध्याकाळ मात्र मुलांची ठेवावी आणि तिला मोठ्यांपैकी प्रत्यक्ष हात लावणारीच माणसे असावीत. ‘आम्हाला संध्याकाळी का नाही बोलावले’ असा रुसवा क्वचित येतो, पण पोटभर जेवून गेलेला माणूस फार काळ रुसत नाही.

पडताळणी: दोन याद्या दोन वेगळ्या कागदांवर लिहिल्या आहेत का? दोन्हींत असलेली नावे चार-पाचांपेक्षा जास्त असतील तर वाटणी अजून झालेली नाही.

टप्पा २: तारीख आणि घड्याळ

वाढदिवस आठवड्याच्या मध्ये येत असेल तर मुलांचा कार्यक्रम पुढच्या रविवारी घेण्यात काहीही बिघडत नाही. शनिवारी अनेक शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे त्या दिवशी मुले दुपारी झोपतात आणि उठल्यावर तासभर किरकिरतात. शनिवार घ्यायचाच असेल तर सुरुवात पाचच्या आधी नको.

आपल्या कर्नाटकातील सीमाभागात आणखी एक गुंता असतो, तो आधीच पाहून ठेवावा. कर्नाटकातील शाळांना सहामाही सुटी दसऱ्याला मिळते, तर कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडच्या शाळांना ती दिवाळीत मिळते. आपल्या मुलांची उन्हाळी सुटी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होते, तेव्हा पलीकडच्या भावंडांच्या परीक्षा चाललेल्या असतात. उलट जूनच्या आरंभी आपली शाळा भरलेली असते आणि ती मुले मोकळी असतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वाढदिवस असेल तर वर्गमित्र आजोळी जाण्यापूर्वी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या आठवड्यात, छोटा कार्यक्रम उरकणे बरे.

सुरुवातीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, समाप्तीची वेळ महत्त्वाची आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना दीड तास पुरतो, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दोन तास. दोन तासांनंतर खेळ संपलेले असतात, साखर अंगात भिनलेली असते आणि भांडणे सुरू होतात. साडेचार ते साडेसहा ही वेळ आपल्या भागाला सर्वांत जुळते. दुपारची झोप झालेली असते, डिसेंबरात सहानंतर अंधारू लागण्यापूर्वी मैदानी खेळ होऊन जातात, येळ्ळूर किंवा उचगावकडून आलेल्या पालकांना परतीची बस मिळते, आणि ज्या जैन घरांत सूर्यास्तानंतर खात नाहीत त्यांच्या मुलांचेही वेळेत खाणे होते.

टप्पा ३: मुलांचा आकडा नक्की करावा

शाळेतील मुले आणि गल्लीतील मुले ही दोन वेगळी खाती आहेत. शाळेतील मुलांना निवडून बोलावता येते. गल्लीतील मुलांना तसे करता येत नाही, कारण शहापूर किंवा वडगावच्या एखाद्या गल्लीत दारात फुगा लागला की निमंत्रणाची वाट न पाहता मुले जमतात, आणि दारात आलेल्या मुलाला परत पाठवणे आपल्याकडे शोभत नाही. त्यामुळे गल्लीतील सर्व मुले आधी मोजावीत, मग उरलेल्या जागेत शाळेतील मित्र बसवावेत. त्यात बरोबर येणारी धाकटी भावंडे म्हणून पाचातले एक मूल जास्त धरावे. म्हणजे वीस मुले बोलावली तर चोवीसची तयारी असावी.

आकडा किती असावा याला माझ्या मते एकच कसोटी आहे: घरात लक्ष देणारी मोठी माणसे किती? चार-पाच वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि त्याहून मोठ्या आठ मुलांमागे एक माणूस असावा. स्वयंपाकघरातील आणि फोटो काढणारी माणसे यात धरू नयेत.

टप्पा ४: जागा

जागा शेवटी ठरवली जाते तेव्हा ती हमखास गच्ची असते. गच्ची मोकळी असते हे खरे, पण कठडा मुलाच्या छातीपेक्षा खाली असेल, पाण्याच्या टाकीची शिडी उघडी असेल किंवा जिना कठड्याविना असेल तर ती जागा मनातून काढून टाकावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगाव आणि खानापूर भागात उघड्यावरचा कार्यक्रम ठरवूच नये. एप्रिल-मे महिन्यांतील दिवस कोरडे वाटतात, परंतु वळीव नेमका दुपार कलल्यावर येतो आणि अनेकदा वीजही घेऊन जातो. त्या दिवसांत अंगण घेतले तर लगतचा सोपा (ओसरी) किंवा मोठी खोली रिकामी असलीच पाहिजे, आणि स्पीकर बॅटरीवर चालणारा असावा.

घरात कार्यक्रम असेल तर एक खोली खेळायला, एक खायला आणि एक बंद ठेवायला, अशी वाटणी करावी. बंद खोलीत औषधे, इस्त्री, देवघरातील समई, मोबाईलचे चार्जर आणि ज्या वस्तू फुटल्या तर घरात दुःख होईल त्या सर्व जाव्यात. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही तेथे पाण्याचा दिवस पाहून पिंप भरून ठेवावे. पंचवीस मुले दोन तासांत न्हाणीघराचे किती पाणी संपवतात याचा अंदाज पहिल्या वेळी कोणालाच येत नाही.

सावधान: घराबाहेर विहीर, उघडा हौद किंवा पाण्याची भूमिगत टाकी असेल तर झाकणाला कुलूप लावावे. ‘कोणीतरी लक्ष ठेवील’ यावर भागवू नये.

टप्पा ५: निमंत्रण (दहा दिवस आधी)

निमंत्रणात काय लिहावे याकडे दुर्लक्ष होते आणि मग दिवसभर फोन येत राहतात. फुलांची चित्रे आणि चारोळी नसली तरी चालेल. पुढील गोष्टी मात्र असाव्यात.

‘रविवार, दुपारी साडेचार ते साडेसहा. ठीक साडेसहाला मुलांना घ्यायला यावे. सहा वर्षांवरील मुलांना सोडून गेलात तरी चालेल. त्याहून लहान मुलांसोबत एकाने थांबावे. केक बिनअंड्याचा आहे, खाणे शाकाहारी आहे. आपल्या मुलाला काही पदार्थ चालत नसेल तर कळवावे. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत सांगावे.’

गुरुवारनंतर ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना एक फोन करावा. वर्गात कन्नड बोलणारी मुले असतील तर याच मजकुराच्या दोन ओळी कन्नडमध्ये जोडणे ही आपल्या गावात साधी रीत आहे, आणि ज्या पालकांना मराठी वाचता येत नाही त्यांची समाप्तीची वेळ चुकत नाही.

टप्पा ६: खाणे आणि केक

येथे थोडे थांबून हिशेब करावा, कारण दगदगीचा मोठा वाटा स्वयंपाकघरातूनच येतो.

मूल खेळायला आलेले असते. ते दोन-तीन पदार्थ खाते, चौथ्याकडे पाहतही नाही. एक तिखट-मिठाचा पदार्थ, एक फळ, केक आणि लिंबू सरबत एवढे पुष्कळ होते. पदार्थ निवडताना त्याची चव पाहण्यापूर्वी तो ऐनवेळी किती हात अडकवतो ते पाहावे. उदाहरणार्थ, अप्पे मुलांना आवडतात, पण चोवीस मुलांना प्रत्येकी पाच म्हणजे एकशे वीस अप्पे झाले. बारा खळग्यांच्या अप्पेपात्रात ते दहा वेळा लावावे लागतात आणि एका वेळेला सहा मिनिटे धरली तरी पूर्ण एक तास जातो. तो तास कार्यक्रमातून वजा होतो आणि मुलाची आई तव्यापाशी उभी राहते. त्याऐवजी छोट्या इडल्या दुपारी करून डब्यात झाकून ठेवता येतात, किंवा मसालेभात एका पातेल्यात होतो आणि कोणीही वाढू शकतो.

आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरांतील मुले हटकून असतात. बिनअंड्याचा केक आणि पूर्ण शाकाहारी खाणे ठेवले की प्रत्येक ताटलीवर ‘हे कोणाचे’ असे विचारत बसावे लागत नाही. काही जैन घरांत कांदा, लसूण, बटाटाही चालत नाही. पदार्थच त्यांच्याविना केला तर वेगळे पातेले लागत नाही.

प्रमाण चोवीस मुलांसाठी साधारण असे धरावे. केक दीड किलो, म्हणजे प्रत्येकी साठ ग्रॅमच्या आसपास तुकडा येतो. सरबत चार लिटर, त्यासाठी बारा-तेरा लिंबे. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन. कुंदा ठेवायचा असेल तर अर्धा किलो पुरे, आणि तो मुलांपेक्षा त्यांना न्यायला आलेल्या पालकांच्याच हाती पडेल हे लक्षात ठेवावे.

क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणून बेकरीला चारच्या आधी केक देण्यास सांगू नये आणि तो आल्याबरोबर फ्रिजमध्ये जाईल एवढी जागा सकाळीच रिकामी करावी. रंगाच्या बाबतीत थोडा आग्रह धरावा. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये बॉम्बे मिठाई (म्हातारीचे केस) आणि गोबी मंचुरी यांत रोडामाइन-बीसारख्या कृत्रिम रंगांच्या वापरावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी राज्यात तपासलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ नमुने कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरले. तेव्हा गर्द लाल किंवा निळ्या क्रीमऐवजी पांढरा किंवा चॉकलेटचा केक सांगावा, आणि गाडीवरच्या तांबड्या मंचुरीचा मोह टाळावा.

सावधान: पाच वर्षांखालील मुले असतील तर अख्खी द्राक्षे, शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या ठेवू नयेत, त्या घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. भडंगात शेंगदाणे असतात, ते मोठ्यांच्या ताटलीत राहू द्यावेत.

ताटल्यांविषयी एकच गोष्ट. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर देशभर बंदी आहे. पत्रावळीचे द्रोण किंवा शेजारून मागितलेल्या स्टीलच्या ताटल्या, दोन्ही चालतात.

टप्पा ७: सजावट

एका भिंतीवर करावी, जेथे केक कापला जाणार आहे तेथे. बाकीच्या घराकडे कोणी पाहत नाही. सजावट आदल्या रात्री संपली पाहिजे. त्या दिवशी दुपारी फुगे फुगवणारा बाप संध्याकाळी कामाचा राहत नाही.

सावधान: फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात बसला तर तो निघणे कठीण जाते, म्हणून फुगा फुटताच तुकडे उचलण्याचे काम एकाला नेमून द्यावे. गाडीवर मिळणाऱ्या तरंगत्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो आणि फेसाच्या स्प्रेमधील वायूही बहुधा पेट घेणारा असतो. मेणबत्ती पेटलेली असताना या दोन्ही वस्तू त्या खोलीत नसाव्यात.

टप्पा ८: खेळांचा क्रम

खेळ आठवतील तसे घेतले जातात आणि तेथे गोंधळ होतो. खेळ कागदावर लिहून त्याच क्रमाने घ्यावेत: आधी येता येता बसून करायचे काही, मग धावण्याचा खेळ, मग उभ्याने खेळायचा, आणि केकच्या आधी पुन्हा बसण्याचा. धावून तापलेली मुले थेट केकपाशी आणली की टेबल हलतेच.

सुरुवातीला जाजमावर कागद आणि रंगखडू पसरून ठेवावेत. उशिरा येणारे मूल त्यात सहज मिसळते आणि लाजरे मूल कोणाशी न बोलता बसू शकते. त्यानंतर लिंबू-चमचा किंवा लगोरी, मग तळ्यात-मळ्यात, शेवटी गोल बसून गाण्यावर पुडी फिरवणे. प्रत्येक खेळाला दहा-बारा मिनिटे, आणि एक खेळ राखीव. तळ्यात-मळ्यात मिश्र भाषेच्या मुलांना चांगला जमतो, कारण शब्द कळला नाही तरी उडी दिसते. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्यायचे असेल तर आधी एकदा करून दाखवावे. सूचना देताना ‘थांब, निल्लु’ आणि ‘पळ, ओडु’ असे जोडीने म्हटले तर कोणतेच मूल मागे राहत नाही. अर्धी मुले हे दोन्ही शब्द आधीच जाणत असतात.

संगीत खुर्ची सर्वांच्या आवडीची आहे, पण बाद झालेली मुले काय करणार याचा विचार कोणी करत नाही. दहाव्या मिनिटाला खेळात चार मुले असतात आणि वीस मुले पडदे ओढत असतात. खुर्च्या कमी कराव्यात आणि मुलांना बाद न करता एकाच खुर्चीवर दोघे-तिघे बसू द्यावेत. शेवटच्या खुर्चीवरचा डोंगर मुलांना जिंकण्यापेक्षा अधिक आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

बक्षीस ठेवले तर सर्वांना सारखे ठेवावे.

टप्पा ९: त्या दिवशीचे घड्याळ

साडेतीनला ज्याचा वाढदिवस आहे त्या मुलाला वरण-भात खाऊ घालावा. उपाशी मूल नव्या कपड्यांत फार वेळ टिकत नाही. नवे कपडे चारला, आधी नव्हे.

चार कामे चार माणसांवर नावाने सोपवावीत: दारावर एक, खेळांना एक, स्वयंपाकघरात एक, आणि चौथा माणूस पूर्ण मोकळा. पडलेले, रडणारे आणि शी-शूला जाणारे मूल त्याच्याकडे जाते. हा चौथा माणूस नसला की मुलाची आई ते काम करते आणि केक कापताना ती न्हाणीघरात असते. आईला या चारांपैकी कोणतेच काम देऊ नये.

साडेचार ते चार पन्नास येणे आणि रंगवणे, पाच पंचवीसपर्यंत खेळ, त्यानंतर केक, पावणेसहाला खाणे, सहा वाजून दहा मिनिटांनी एखादी गोष्ट किंवा शांत खेळ, सव्वासहा ते साडेसहा निरोप. केकची वेळ झाली की जे आले आहेत त्यांच्यासह केक कापावा. वाट पाहू नये. उशिरा येणाऱ्याला केकचा तुकडा मिळतो, त्याचे काही चुकत नाही; पण वेळेवर आलेली वीस मुले वाट पाहत बसली की कार्यक्रम हातातून सुटतो.

केक कापतानाचा क्रम असा ठेवावा. मुलांना जाजमावर अर्धगोलात बसवावे. टेबल पडद्यापासून दूर आणि भिंतीला लावून असावे. मेणबत्त्या मोठ्या माणसाने पेटवाव्यात, आणि ज्या घरी ज्योत फुंकणे रुचत नाही तेथे मेणबत्तीऐवजी निरांजन लावून ते केकपासून बाजूला ठेवावे. मुलाने एकच काप घ्यावा, आई-बाबांनी भरवावे, आणि लगेच केक आत न्यावा. तो आत कापून ताटल्यांत बाहेर आणावा. प्रत्येक पाहुण्याने येऊन त्याच तुकड्याचा घास मुलाला भरवायचा आणि फोटो काढायचा, या रिवाजात अर्धा तास जातो, मुलाला मळमळते आणि बाकीची मुले टेबलावर चढतात. तोंडाला केक फासणे तर लहान मुलांच्या बाबतीत करूच नये; डोळ्यांत गेलेले क्रीम आणि त्यानंतरचे रडणे यांतून ती संध्याकाळ सावरत नाही.

पडताळणी: केक आत गेल्यावर मेणबत्त्या, काडेपेटी आणि सुरी टेबलावर राहिली आहे का?

टप्पा १०: निरोप

रिटर्न गिफ्ट मध्येच वाटले तर मुले तेथेच उघडतात, अदलाबदल करतात आणि एकाचे हरवते. पिशव्या दाराजवळ उंचावर ठेवाव्यात आणि मूल पालकाच्या हाती जाताना द्याव्यात. सर्व पिशव्यांत एकच वस्तू असावी, मुलगा-मुलगी असा भेद नसावा, आणि तीन पिशव्या जास्त असाव्यात, कारण गल्लीतले एखादे मूल निरोपाच्या वेळीच येते.

एकट्याने आलेल्या मुलांची यादी दारावरील माणसाच्या खिशात असावी. न्यायला आलेला माणूस ओळखीचा नसेल तर पालकांना फोन केल्याशिवाय मूल सोडू नये, तो रिक्षावाला काका रोजचा वाटला तरीही. यादीतील प्रत्येक नावासमोर खूण झाली की मगच आवराआवर सुरू करावी. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो गटांवर टाकण्यापूर्वी त्यांच्या आई-वडिलांना विचारावे.

भेटी त्या रात्री उघडू नयेत. प्रत्येक पुडक्यावर देणाऱ्याचे नाव पेनाने लिहून ती कपाटावर ठेवावीत, कारण सकाळपर्यंत कोणती भेट कोणाची हे कोणालाच आठवत नाही आणि सोमवारी शाळेत आभार मानताना मुलाची पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर एका वेळी दोनच उघडाव्यात. आमच्याकडे त्या शुक्रवारपर्यंत पुरतात.